आजोबा 1971 च्या युद्धात नौदलात होते. तेरवीला त्यांच्याबद्दल काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की आजोबांनी युद्धाबद्दल घरात फारसं कधी सांगितलं नाही, निवृत्तीनंतर वस्तीतल्या लोकांची कामं करत राहिले, आणि आता तेरवीला दोन शब्द बोलायचं तुमच्याकडे आलंय. मीही नागपूरचाच. आमच्या शेजारी असेच एक काका राहायचे. सगळे त्यांना नेव्हीकाका म्हणायचे. ते गेले तेव्हा बोलायचं काम माझ्यावर आलं होतं, म्हणून उत्तर देतोय.

शौर्य, त्याग, देशसेवा या शब्दांनी सुरुवात करू नका. ते खरेच आहेत, पण कोणत्याही फौजीच्या तेरवीला चालतात. तुमचे आजोबा कोणत्या जहाजावर होते आणि तिथे हाताने काय काम करत होते, ते आधी शोधा.

त्यासाठी त्यांचं कपाट उघडा. डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेची नोंद असलेलं पुस्तक, सापडलं तर निम्मं काम झालं. नाही सापडलं तर पदकं पाहा. 1971 साठी संग्राम पदक होतं, आणि प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना पूर्वेकडे 'पूर्वी स्टार', तर पश्चिमेकडे 'पश्चिमी स्टार' मिळाला. म्हणजे आजोबा बंगालच्या उपसागरात होते की अरबी समुद्रात, एवढं पदकावरूनच कळू शकतं.

नेव्हीकाकांकडे पूर्वी स्टार होता. ते विक्रांत या विमानवाहू जहाजावर स्टोकर होते, म्हणजे बॉयलर रूममध्ये बॉयलर सांभाळायचे. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकले आणि तिथून जहाजावर गेले. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. अशा अवस्थेत तिला युद्धात न्यावं की नाही, यावर नौदलात बरीच चर्चा झाली होती. शेवटी ती गेली, आणि 4 डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. आता हे बघा, विमानवाहू जहाजावरून विमान उडायला समोरून वारा लागतो. तो मिळवायला जहाज जोरात पळवावं लागतं. शिवाय विमानाला पुढे फेकणारं कॅटापुल्टही वाफेवर चालायचं. जहाजाचा वेगही वाफेचा आणि विमानाचा धक्काही वाफेचाच. ती वाफ उरलेल्या बॉयलरमधून काढणारी माणसं खाली होती, आणि त्यांनी त्या युद्धात आकाश पाहिलं नाही.

काका म्हणायचे, "लढाई वरच्यांनी पाहिली. आम्ही काटे पाहून राहिलो होतो." काटे म्हणजे दाबाचे आणि पाण्याच्या पातळीचे. मी एकदा विचारलं होतं, पाकिस्तानची गाझी पाणबुडी तुमच्याच जहाजाच्या मागावर होती, भीती नाही वाटली? ते म्हणाले, वाटली, पण बॉयलरमधल्या पाण्याची पातळी खाली गेली तर तोच फुटेल, पाणबुडीची गरजच पडणार नाही. मी हे वाक्य तेरवीला जसंच्या तसं सांगितलं. शौर्यावरच्या भाषणापेक्षा ते लोकांना लगेच कळलं, कारण बसलेल्यांत निम्मे कोराडीच्या वीज केंद्रातले होते. काकांनीही नौदल सोडल्यावर तिथेच बॉयलरवर नोकरी केली होती.

आजोबांचा पश्चिमी स्टार निघाला तर त्या बाजूचंही थोडं वाचून घ्या. 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. नौदल दिन त्याच तारखेला असतो. आणि 9 डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्या ताफ्यातल्या पुष्कळांचे मित्र त्यात होते. आजोबा गप्प राहिले असतील तर ती गप्प जागा तशीच राहू द्या. सिनेमात पाहिलेले प्रसंग त्यांच्या नावावर घालू नका.

आता वस्तीतल्या कामाबद्दल. लोक इथे घाईत "समाजकार्याची आवड होती" म्हणून मोकळे होतात आणि माणूस तिथेच हरवतो. नेव्हीकाकांचं काम कागदांचं होतं. कामठी, काटोल, उमरेडकडच्या गावांतून माजी सैनिकांच्या विधवा यायच्या. कुणाचं नाव सैन्याच्या कागदावर एक आणि आधारवर दुसरं, कुणाच्या जन्मतारखेत फरक, कुणाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा राहून गेल्यामुळे पेन्शन थांबलेली. काका ओसरीत टेबल टाकून बसायचे, अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहायचे, बाईला वाचून दाखवायचे आणि मगच अंगठा किंवा सही घ्यायचे. वाचून दाखवल्याशिवाय एकही कागद पुढे सरकत नसे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते स्वतः सोबत जायचे, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. पुढे पेन्शनचं सगळं काम स्पर्श या सरकारी पोर्टलवर गेलं तेव्हा सत्तरी ओलांडलेला हा माणूस नातवाकडून ते शिकला. वेळ लागला, पण शिकला.

23 सप्टेंबर 2023 ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, ते तुम्हाला आठवत असेलच. पाणी उतरल्यावर लोक फ्रीज, सोफे बाहेर काढत होते. काका मात्र ओळखीच्या पेन्शनवाल्यांच्या घरी जाऊन विचारत होते, पीपीओ कुठे ठेवला होता? पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. भिजलेले कागद घरी आणून त्यांनी रद्दीत दाबले, पंख्याखाली एकेक करून सुकवले. मला तर त्यांचं सगळं आयुष्य त्या कामात दिसलं, आणि तेरवीला मी सगळ्यात जास्त वेळ त्यावरच बोललो.

तुम्हीही ज्यांची कामं आजोबांनी केली अशा दोघातिघांना आजच जाऊन भेटा. काय केलं, कसं केलं, कितीदा चकरा मारल्या, हे त्यांच्याच तोंडून ऐका. शक्य झालं तर त्यांच्यातल्या एकाला तुमच्यानंतर बोलायला उभं करा, भले तो दोनच वाक्यं बोलो.

आणि भाषण लिहायच्या आधी एक काम. आजी आहेत का? असतील तर त्यांची फॅमिली पेन्शन सुरू करायचं पाहा. मृत्यू दाखला, आजोबांचा पीपीओ, आजींचं आधार, पॅन आणि बँक पासबुक एका फाइलमध्ये लावा. पीपीओवरचं आजींचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते आधी तपासा. नसेल जुळत, तर उद्याच सैनिक कल्याण कार्यालयात जा, तेरवी होईपर्यंत थांबू नका.