संध्याकाळी साडेसहाचा राग

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा बोटीवर, सासूबाईंना नीट दिसत नाही, पदरात सात आणि तीन वर्षांची मुलं. परवा पाढे चुकले म्हणून थोरल्याच्या पाठीत धपाटा घातलात आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडलात. शेवटी विचारलंय, 'मी वाईट आई आहे का?' याचं उत्तर मी देणार नाही. हा दमलेल्या माणसाचा प्रश्न आहे. कुणी 'नाही हो' म्हटलं तरी रात्री पुन्हा उशाशी येऊन बसतो.

माझं सांगतो. मी गोव्यातल्या साखळीकडचा. दोन ट्रक होते, खनिज वाहायचो. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते तेवढे चालू राहिले. मुलगा तेव्हा दुसरीत. मी दारू पीत नव्हतो, हात उगारत नव्हतो, म्हणजे बाप म्हणून आपलं बरं चाललंय अशी माझी समजूत. एक दिवस बायको म्हणाली, "तुम्ही मोटरसायकलचा स्टँड लावता ना, तो आवाज तो ऐकत असतो. खाडकन वाजला की दप्तर उचलून मागल्या खोलीत जातो." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्टँड हळूच लावला. पोर बाहेर आलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत आत गेलं. स्टँडचं सोंग जमलं, तोंडाचं नाही.

तरी बांबोळीला मनोविकार संस्थेत जायला मला पुढे पाच महिने लागले. घरी सांगितलं, डोळे तपासायला चाललो. कदंबाच्या बसमध्ये कुणी ओळखीचं भेटलंच तर सांगायला शेजारी गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, होतंच! तिथल्या बाईंनी रागावर प्रवचन दिलं नाही. विचारलं, "राग किती वाजता येतो?" असं कधी कुणी विचारलं नव्हतं. ट्रकच्या फेऱ्या लिहायची वही रिकामीच पडली होती, तिच्यात दोन आठवडे वेळा लिहिल्या. बहुतेक सगळ्या सहा ते साडेसातमधल्या. त्यातही बँकेचा फोन आलेले आणि दुपारी धड न जेवलेले दिवस जास्त. मुलाने काय केलं होतं, याचा त्या नोंदींशी फारसा संबंधच नव्हता.

दुसरं त्यांनी सांगितलं ते असं, की बरं वाटलं की करू म्हणून थांबायचं नाही. छोटं काम ठरलेल्या वेळी करायचं, मन मागून येतं. मी सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, यायच्या आधी वाळवंटी नदीच्या काठाने चालून यायचो. पहिले दहाबारा दिवस नुसती पायपीट वाटली. पुढे कळलं, की याच पद्धतीची चाचणी 'संगाथ' या 1996 पासून गोव्यात काम करणाऱ्या संस्थेने इथल्याच आरोग्य केंद्रांत घेतली होती. डॉक्टर नसलेली, पण प्रशिक्षण दिलेली माणसं, सहा ते आठ भेटी, आणि उदास माणसांना त्याचा उपयोग झाला होता.

आता तुमचं. साडेसहाला एका चुलीवर शीत, दुसरीवर हुमण, धाकटी पायात आणि थोरल्याचे पाढे. या वेळी कुणाचाही तोल जाईल. पाढे सकाळी घ्या, नाहीतर महिनाभर सोडून द्या. सातव्या वर्षी तेराचा पाढा राहिला म्हणून काही बुडत नाही. बोटीला नेटवर्क असेल त्या दिवशी ते काम बाबाचं. तुम्ही चार वाजता पोटभर काहीतरी खा, उभ्याने नको. 'स्वतःसाठी वेळ काढा' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तो काय फडताळात ठेवलेला असतो? त्यापेक्षा शेजारणीला नेमकं सांगा, बुधवारी सहा ते सात धाकटीला बघशील का. मोघम मदत मागितली की माणसं 'सांग हां कधीही' म्हणतात आणि विसरतात.

धपाट्याबद्दल थोरल्याला सांगा, "मी चुकले, मारायचं नव्हतं." त्यापुढे 'पण तू पण' जोडू नका. मी जोडलं होतं, माफी वाया गेली.

आणि एक. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल तर वह्याबिह्यांत अडकू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. 'मी नसले तर मुलांचं बरं होईल' असं एकदा जरी मनात आलं असेल तर आजच फोन करा आणि घरात कुणाला तरी शेजारी बसवून ठेवा. नवरा सुट्टीवर आला की बघू, असं नको.

तसं काही मनात आलं नसेल, तर उद्या थोरला बालरथात, शाळेच्या बसमध्ये, बसला की आधी फोन करा, भांडी मागाहून.