आधी सगळं शिकते, मग इंटर्नशिप करते

"मॅडम, मला अजून काहीच येत नाही. आधी नीट शिकते, मग इंटर्नशिप करते."

कॉलेजच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या मुलामुलींकडून हे मी सतत ऐकते. शब्द थोडे बदलतात, भीती तीच असते. म्हणून आज एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि कित्येक भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

ती संख्याशास्त्र शिकणारी, तिसऱ्या वर्षाला. गुण उत्तम, ऑनलाइन कोर्सची चार प्रमाणपत्रं गाठीशी. आणि लॅपटॉपमध्ये इंटर्नशिपचे नऊ अर्ज, सगळे अर्धवट भरून ठेवलेले.

"आणखी एक कोर्स झाला की पाठवते," ती म्हणाली.

"तयारी पूर्ण झाली हे तुला कशावरून कळेल?"

ती बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली. "ते नाही माहीत."

पहिल्या दोन भेटी मी तिला धीर देण्यात घालवल्या. तू हुशार आहेस, तुला जमेल, वगैरे. तिने मान डोलावली आणि घरी जाऊन दहावा अर्ज अर्धवट ठेवला. माझं कुठे चुकतंय ते तेव्हा लक्षात आलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांची १९७७ मधली एक मांडणी मी कामात नेहमी जवळ बाळगते. 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो, असं ते सांगतात: स्वतः काहीतरी पार पाडल्यामुळे, आपल्यासारख्या कुणाला ते करताना पाहून, दुसऱ्यांनी दिलेल्या भरवशामुळे आणि त्या वेळी मन-शरीर किती शांत आहे त्यावरून. यांतली पहिली वाट सगळ्यांत पक्की. मी मात्र तिसरीवरच अडून बसले होते. या मुलीला शाबासकी पुरेशी मिळालेली होती. तिच्या हातून काहीतरी पार पडणं बाकी होतं.

मग मी एवढंच म्हटलं, "चांगली इंटर्नशिप शोधू नकोस. तुला सगळ्यांत कमी भीती वाटते असा अर्ज निवड आणि इथे बसून पाठव." तिने एका छोट्या सामाजिक संस्थेला अर्ज पाठवला. तिथे देणगीदारांच्या नोंदी नीट लावायचं काम होतं.

चौथ्या आठवड्यात ती हिरमुसलेली आली. "मॅडम, मी नुसती नावं भरतेय. यात शिकण्यासारखं काय आहे?"

"या आठवड्यात काय काय केलंस? सोमवारपासून सांग."

सांगता सांगता ती सहज बोलून गेली, की एकाच माणसाचं नाव यादीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. त्याला आभाराची तीन पत्रं जायची. तिने पत्ते आणि फोन नंबर ताडून अशा नोंदी वेगळ्या काढल्या, दोन दिवस घाबरत थांबली आणि मग सरांना दाखवल्या. सर म्हणाले, "यापुढे यादी तूच बघ."

"हे करायला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. कॉलेजात आम्हाला आकडे नेहमी स्वच्छच मिळतात..."

एवढं बोलून ती थांबली. मीही काही बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं तरी शिकले आहे, की अशा वेळी आपण तोंड उघडायचं नसतं. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "म्हणजे हे मी केलं." चार प्रमाणपत्रांविषयी ती कधीच या आवाजात बोलली नव्हती.

मला इंटर्नशिपचं मोल इथे दिसतं. बायोडेटातली ओळ नंतरची गोष्ट. वर्गात प्रश्न कुणीतरी आखून देतं, कामाच्या जागी प्रश्न आहे हेच आधी आपल्याला ओळखावं लागतं. आणि तिथे स्वतःविषयीही कळतं. दिवसभर एकटीने आकड्यांसमोर बसणं आपल्याला सोसत नाही, पण तेच आकडे दुसऱ्याला समजावून सांगायला आवडतं, हे तिला सहाव्या आठवड्यात कळलं. नोकरीत तीन वर्षं काढून कळण्यापेक्षा हे केवढं स्वस्तात कळलं! खुद्द बंडुरा मानसशास्त्राकडे वळले तेही योगायोगाने. सोबतच्या मुलांच्या गाडीतून विद्यापीठात फार लवकर पोचायचे, मधला वेळ भरायला म्हणून त्यांनी हा विषय घेतला होता. घरी बसून ठरवलेल्या वाटेवर असे योग येत नाहीत.

पालक विचारतात, अभ्यास बुडणार नाही का? बुडू शकतो. म्हणून आठवड्याचे तास आधी ठरवून, लिहून घ्यावेत. आणि सुरुवातीलाच एक प्रश्न विचारावा: "माझं काम कोण बघणार?" या प्रश्नाला नेमक्या एका व्यक्तीचं नाव मिळालं नाही, तर मी मुलांना पुन्हा विचार करायला सांगते. चुका दाखवणारं माणूसच नसेल तर तिथे नुसतं राबणं होतं. उलट तुमच्याकडूनच पैसे मागणारी जागा तर सरळ सोडून द्यावी. बिनपगारी काम परवडत नाही म्हणून कुणी कमीपणा मानू नये. दुकानात, वाचनालयात, शिकवणीत केलेलं अर्धवेळ कामही तेवढंच शिकवतं, फक्त आज काय अडलं आणि ते कसं सोडवलं याच्या दोन ओळी रोज लिहाव्यात. ती मुलगी घाबरून थांबली ते दोन दिवस तिच्या वहीत आहेत.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं, "मॅडम, ते मुदत वाढवून देतो म्हणतायत. पण परीक्षा तोंडावर आली आहे. नाही म्हटलं तर चालेल ना?"

नाही कसं म्हणायचं, यातच तो सगळा तास गेला. पत्राचा मसुदा तिने स्वतः लिहिला आणि तिथेच पाठवला.