बाहेरून मजुरीला आलेल्या बायकांसाठी शहरात छोटी संस्था काढायची आहे, सुरुवात शिलाई क्लासने करावी का?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात चार मैत्रिणी मिळून हे काम सुरू करताय. मी जळगावला असंच एक छोटं मंडळ चालवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून आधीच सांगते, शिलाई क्लास नका काढू. आम्ही काढला होता, वर्गणी करून सहा मशीनी घेतल्या आणि आल्या कोण तर गल्लीतल्याच बायका. ज्यांच्यासाठी काढला त्या सकाळी आठला साइटवर नाहीतर डाळ मिलमध्ये, संध्याकाळी आल्या की पाणी भरा, चूल पेटवा, पोरं सांभाळा, शिलाई शिकणार कधी?

आमच्याकडच्या बहुतेक पावरा-बारेला आदिवासी, चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांवरच्या नाहीतर मध्य प्रदेशातल्या सेंधवा-खरगोनकडच्या. आम्हाला वाटायचं आपली अहिराणी सगळ्यांना कळते. कुठलं काय! मी "कसं चालू शे माय" करत सुरू व्हायचे आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मग त्यांच्यातलीच मराठी येणारी एक पोरगी सोबत घेतली तेव्हा कुठे बायका बोलत्या झाल्या. तुम्ही अशी पोरगी आधी शोधा, बाकी सगळं नंतर.

बोलत्या झाल्यावर पहिला विषय निघाला रेशनचा. कार्ड गावाला, माणसं इथे. वन नेशन वन रेशन या सरकारी योजनेमुळे कार्ड मध्य प्रदेशचं असलं तरी इथल्या स्वस्त धान्य दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, आणि गावी राहिलेल्यांनी त्यांच्या वाट्याचं तिकडे उचललं तरी चालतं, आधार जोडलेलं हवं एवढंच. ऐकायला सोपं आहे. आमच्या एकीला दुकानदाराने तीनदा "तुझं कार्ड इथलं नाही" म्हणून परत पाठवलं. चौथ्यांदा आम्ही दोघी सोबत गेलो तर तो निमूट मशीन घेऊन बसला, पण आता हिचा अंगठाच लागेना, सिमेंट-रेती उचलून उचलून रेषाच राहिल्या नव्हत्या. एकेक करत सगळी बोटं लावून झाली, शेवटी नवऱ्याला साइटवरून बोलवून आणलं, त्याचं बोट लागलं तेव्हा पोतं हातात आलं. अख्खा दिवस गेला, दोघांचा रोज बुडाला. आमचं बरंचसं काम हेच आहे हो, सोबत जाऊन उभं राहायचं.

बांधकामावरच्या बायकांची सरकारच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून द्या. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार सही द्यायला टाळतो, मुकादम तर फोनच उचलत नाही, तेव्हा महापालिकेकडून दाखला मिळतो का ते बघा, चकरा होतील. डाळ मिलच्या बायका ह्यात बसत नाहीत. आम्ही उत्साहात त्यांचेही फॉर्म भरले होते, सगळे परत आले आणि आमच्यावरचा विश्वास महिनाभर गेला तो वेगळाच.

मारहाणीचं प्रकरण येईलच, तयारीत राहा. आम्हाला एका ठिकाणी सांगितलं, "गावाला जाऊन तक्रार करा." असं काही नाही, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. कलम २७, पाठ करून ठेवा, तोंडावर म्हणता आलं पाहिजे. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर बायकांच्या फोनमध्ये भरून द्या, पण नवऱ्याच्या फोनमध्ये नको (हसू नका, आम्ही हे केलंय).

रजिस्ट्रेशनची घाई नको. संस्था सोसायटी म्हणून नोंदवायची तर किमान ७ जण लागतात आणि तुम्ही चारच आहात. आधी वर्षभर काम करा, माणसं आपोआप जोडली जातात.

आणि होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराच्या, म्हणजे त्यांच्या सणाच्या बाजाराच्या, आठवड्यात मीटिंग अजिबात ठेवू नका. सगळ्या गावाला जातात, उचल बुडाली तरी जातात. मागच्या वर्षी मी दोन डझन केळी आणि थर्मासभर चहा घेऊन एकटीच बसले होते.