बोलायची घाई नको

आपल्या चर्चच्या सेवेच्या गटात आलास, बरं केलंस. पहिले काही महिने फक्त ऐक. इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलमध्ये झाबुआ-धारकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक भेटतील. त्यांना औषधाची चिठ्ठी वाचून दाखव, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांग. प्रार्थना विचारल्याशिवाय करू नकोस. "नको" म्हणाले तरी दुसऱ्या दिवशी डबा तितकाच गरम न्यायचा. मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागणं हा सौदा झाला, आणि तो मला साफ नापसंत आहे. कोणी आपणहून येशूबद्दल विचारलं, तर मात्र लाजू नकोस.

सिस्टर राणी मारिया या ननबद्दल वाच. उदयनगर भागात गरीब आदिवासींना सावकारी पाशातून सोडवायला त्या झटल्या. १९९५ मध्ये त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या बहिणीने मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. २०१७ मध्ये इंदूरातच राणी मारियांना 'धन्य' (कॅथलिक चर्चमधली संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. त्या कॅथलिक, आपण प्रोटेस्टंट. म्हणून शिकायचं नाही असं थोडंच आहे?

शेजारच्या काकूंनी गणपतीला बोलावलं तर जरूर जा. आरतीच्या वेळी काय करायचं ते तुझा विवेक ठरवेल. आणि हो, सेवेचे फोटो स्टेटसला टाकू नकोस.