ऑस्ट्रेलियाचे मूळनिवासी फक्त भटके होते, म्हणून त्यांची जुनी बांधकामं सापडत नाहीत, हे खरं का?

नाही, बांधकामं होती आणि त्यातली काही आजही उभी आहेत. व्हिक्टोरिया राज्यातलं बुज बिम बघा. तिथे गुंडिचमारा लोकांनी लाव्हाच्या दगडांतून चर खोदले, बांध घातले आणि वाम मासे अडवून वाढवले. त्यातल्या एका भागाचं वय सुमारे ६,६०० वर्षं निघालंय, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षाही जुना. जवळच त्यांच्या दगडी घरांचे पायेही आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा यादीत घेतली.

मग हे नजरेआड का गेलं? १८३४ मध्ये व्हिक्टोरियातल्याच पोर्टलंडला गोऱ्यांची वसाहत झाली, मेंढपाळांनी कुरणं बळकावली, १८४०च्या दशकात रक्तरंजित संघर्ष झाला. पुढे १८८०च्या दशकापासून चर काढून बुज बिमच्या काँडा तलावातलं पाणी उपसलं गेलं. पाणीच गेल्यावर माशांचे सापळे कोरडे पडले, आणि ‘इथे काही नव्हतंच’ म्हणणं सोपं झालं! २०१० मध्ये बंधारा घालून तलावात पुन्हा पाणी आणलं.

मात्र यावरून सगळे मूळनिवासी असेच स्थिर राहत होते असं समजू नका. वाळवंटातल्या समाजांची राहणी पूर्ण वेगळी होती.