एच-४ वर जॉब करताय? कोर्टाची केस संपली, आता कार्डाची तारीख बघा

एच-४ म्हणजे अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा, आणि ईएडी म्हणजे नोकरी करायची परवानगी देणारं कार्ड. न्यू जर्सीच्या एका ताईंनी विचारलंय, "ग्रुपवर मेसेज फिरतोय की एच-४ ईएडीवर कोर्टात केस चालू आहे, कधीही बंद होईल. मिस्टरांचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीचा अर्ज) मंजूर झालंय पण ग्रीन कार्डचा पत्ता नाही, घराचा हप्ता दोघांच्या पगारावर आहे, काय करू?"

ताई, तो मेसेज जुना आहे, केस संपली. २०१५ मध्ये काही एच-४ वाल्यांना कामाची परवानगी देणारा नियम आला तेव्हाच सेव्ह जॉब्ज यूएसए नावाच्या गटाने केस टाकली होती. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीत आयटीत काम करणारे आणि एच-१बी वाल्यांमुळे नोकरी गेली असं म्हणणारे लोक होते ते. त्यांचा मुद्दा एवढाच की एच-४ वाल्यांना कामाची परवानगी द्यायचा अधिकार काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) सरकारला दिलेलाच नाही. २ ऑगस्ट २०२४ ला वॉशिंग्टन डीसीच्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की अधिकार आहे, आणि त्यासाठी स्टुडंट्सच्या ओपीटीबद्दलच्या (शिक्षणाशी जोडलेल्या कामाची तात्पुरती परवानगी) आपल्याच २०२२ च्या निकालाचा आधार घेतला. पुढे ते सुप्रीम कोर्टात गेले, तिथे ऑक्टोबर २०२५ मध्ये केस ऐकायलाच नकार मिळाला, म्हणजे अपील कोर्टाचा निकाल कायम.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच बरेच जण चुकतात. कोर्ट म्हणालं की सरकार ही परवानगी देऊ शकतं, दिलीच पाहिजे असं नाही म्हणालं. त्यामुळे सरकारने ठरवलं तर नियम मागे घेता येतो. ट्रम्प यांच्या पहिल्या टर्ममध्ये तसं जाहीरही झालं होतं, वर्षानुवर्षं नुसतं यादीत राहिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रस्तावच मागे घेतला गेला. नियम बदलायचा तर साधारणपणे आधी मसुदा छापावा लागतो, लोकांची मतं मागवावी लागतात, रातोरात होत नाही.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून ईएडीचं रिन्यूअल टाकलं की आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झालीये, आधी ५४० दिवसांपर्यंत मिळायची. आता जुनं कार्ड संपलं आणि नवीन हातात नाही तर दुसऱ्या दिवसापासून काम बंद, घरून लॅपटॉप उघडून "फक्त एक मीटिंग" पण नाही, कारण परवानगीशिवाय केलेलं काम पुढे ग्रीन कार्डच्या वेळी आडवं येऊ शकतं. मॅनेजर कितीही चांगला असला तरी याबाबतीत त्याचं ऐकू नका.

अर्ज १८० दिवस आधी टाकता येतो, पण तुमचं एच-४ मिस्टरांच्या एच-१बीवर अवलंबून, आणि त्यांचं एक्स्टेन्शनही सहा महिने आधीच टाकता येतं, त्यामुळे त्यांच्या एचआरच्या आणि वकिलाच्या मागे आठ महिने आधीपासून लागा, "बघू बघू" करत बसले तर गॅप तुमच्या नोकरीत पडणार, त्यांच्या नाही. तुमच्या ऑफिसलाही आत्ताच सांगून ठेवा की मध्ये बिनपगारी रजा लागू शकते, आणि तीन-चार हप्त्यांचे पैसे वेगळे काढा.

मी स्वतः २०१५ च्या आधी एच-४ वर घरी बसलेली बाई आहे, हातात डिग्री असून, त्यामुळे हे कार्ड काय असतं ते मला माहितीये. आज रात्री कार्ड काढा, त्यावरची तारीख आणि आय-९४ ची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं त्या नोंदीची) तारीख दोन्ही मला लिहून पाठवा, अर्ज कधी टाकायचा ते मोजून सांगते.