मास्टर्स जलतरण स्पर्धेत व्यावसायिक खेळाडूंना उतरू द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, नाशिकमध्ये महापालिकेच्या तलावावर रोज सकाळी पोहता, यंदा पहिल्यांदाच मास्टर्सला, म्हणजे पंचविशीपुढच्यांच्या वयोगटवार स्पर्धेला, नाव दिलंत आणि तुमच्याच गटात रेल्वेकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेले एक गृहस्थ निघाले. आपण हौसेने पोहणारे, त्यांची त्यावर नोकरी लागलेली, मग दोघांना एकाच हीटमध्ये, म्हणजे एकत्र पोहायच्या फेरीत, का सोडायचं?

माझं उत्तर: सोडायचं. मीही तुमच्यासारखाच हौशी. बरीच वर्षं सावरकर तलावावर पोहतोय, मास्टर्सला ५० आणि १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक करतो, आणि माझ्या गटात माझ्यापेक्षा जास्त पोहलेला कोणीतरी असतोच.

बंदी घालायची म्हटली तर रेषा कुठे ओढणार, ते आधी सांगा. आपल्याकडे फक्त पोहून पोट भरणारा माणूस शोधून सापडायचा नाही. रेल्वे, सेनादल, पोलीस इथे खेळाडू कोट्यातून नोकरी मिळते, त्या बदल्यात खात्याकडून पोहायचं. कोल्हापूरचा वीरधवल खाडे घ्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं, आणि नोकरी कसली, तर तहसीलदाराची. २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याचा जन्म १९९१ चा. उद्या त्याने मास्टर्सला नाव दिलं तर त्याला व्यावसायिक म्हणून परत पाठवणार की सरकारी नोकर म्हणून घेणार?

बरं, रेल्वेवाल्यांना काढलंत असं धरू. मग उरतो तो माणूस, ज्याला वडिलांनी आठव्या वर्षी पाण्यात टाकलं आणि जो दहावीपर्यंत रोज पहाटे दोन तास पोहला. पुढे इंजिनिअर झाला, पोहून एक रुपया कमावला नाही. तो तुम्हाला त्या रेल्वेवाल्यापेक्षा जास्त खात्रीने हरवेल. लहानपणी हाताला पाणी कळलं की ते जात नाही. आपण पस्तिशीत शिकलेले लोक ताकद लावतो आणि जागच्या जागी पाणी ढवळतो. खरी दरी बालपणी तलाव मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत आहे, पगाराशी तिचा फारसा संबंध नाही. आता त्यालाही काढा. नाशिकच्या संघात मग तुम्ही, मी आणि दोन निवृत्त बँकवाले एवढेच उरू.

मास्टर्सची मूळ कल्पनाही अशी छाननी करायची नव्हतीच. अमेरिकेत रॅन्सम आर्थर नावाच्या नौदलातल्या डॉक्टरने हा विचार लावून धरला आणि १९७० मध्ये टेक्सासमधल्या अमॅरिलोला पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. चाळिशीतल्या माणसासमोर तारीख ठेवली, की तो तब्येतीसाठी नियमित पाण्यात उतरेल, हा त्याचा हिशेब. शर्यती सोडून खुर्चीत बसलेले जुने पोहणारे तर त्याला हवेच होते. जागतिक स्पर्धा १९८६ मध्ये टोकियोला सुरू झाली. आज नियम एवढाच: वय २५ पूर्ण आणि पाच-पाच वर्षांचे गट. सामान्य माणसासाठी सवलती आहेत, पण त्या पोहण्यात आहेत. सूर मारायची भीती वाटते? पाण्यातून सुरुवात करा. बटरफ्लायला पायांचा फटका जमत नाही? ब्रेस्टस्ट्रोकची किक मारा, बाद करत नाहीत. रिलेचा गट चौघांच्या वयाच्या बेरजेवर ठरतो, त्यामुळे ऐन वेळी एखाद्या बहात्तर वर्षांच्या काकांना अशी मागणी येते की विचारू नका.

आता पदकाचं. मास्टर्समध्ये पदक कोण आलं आणि कोण आलं नाही यावर ठरतं, त्याचं फार मनाला लावून घेऊ नये. २०१५ मध्ये जपानच्या मिएको नागाओका आजींनी वयाच्या शंभराव्या वर्षी १५०० मीटर फ्रीस्टाइल पूर्ण केली, सव्वा तासाच्या थोडं वर. त्यांच्या वयाच्या बाईंशी शर्यत लावायला माणूस आणायचं कुठून? तरी त्या वेळेची बातमी जगभर झाली. त्या रेल्वेवाल्यांनी नाव काढून घेतलं तर तुमचा नंबर एकाने वर जाईल, टायमिंग तेवढंच राहील. किंबहुना शेजारी कोणी वेगात असला की शेवटच्या पंधरा मीटरला आपण जे हात सोडून देतो ते सोडत नाही.

माझ्या एका शर्यतीचं सांगतो. शेजारच्या लेनमध्ये सेनादलाकडून खेळलेले गृहस्थ, माझ्याच गटातले, पोट माझ्याइतकंच सुटलेलं. ते मला किती अंतराने मागे टाकणार हे ब्लॉकवर, म्हणजे सूर मारायच्या चौथऱ्यावर, चढण्याआधीच ठरलेलं होतं. शर्यत संपल्यावर दोरीवर कोपर टाकून धापा टाकत म्हणाले, "सर, तुम्ही सूर मारल्यावर लगेच वर येताय. पाण्याखालचा एक लांब हात फुकट घालवताय." मग तिथेच करून दाखवलं: हात पुढे ताणलेले, डोकं दंडांच्या मध्ये, हात मांडीपर्यंत ओढून क्षणभर तसंच वाहत जायचं, आणि मग किक. पंचांनी दोघांनाही बाहेर काढेपर्यंत शिकवणी चालू. आमच्या तलावावर बॅच संपल्याची शिट्टी वाजली की जीवरक्षक सगळ्यांना हाकलतो, तिथे एवढं बारीक कोण सांगणार?

जगातही हे चालतंच. अमेरिकेची ऑलिंपिक जलतरणपटू डॅरा टोरेस बाळंतपणानंतर २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या जागतिक मास्टर्सला पोहली आणि दोन वर्षांनी बीजिंगला, वयाच्या ४१ व्या वर्षी, तीन रौप्यपदकं घेऊन आली. ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण तर एक शतांश सेकंदाने हुकलं. तिच्याकडून मास्टर्समध्ये हरलेल्या बायका ते आजही मिरवत असतील. आपल्या जिल्ह्यातच बघा, कविता राऊतच्या मागून रस्त्यावर धावायला मिळालं तर कोण तक्रार करेल? पोहण्यातच आपल्याला पदकाची एवढी चुटपुट का लागते, कोण जाणे.

माझी तक्रार आहे ती वेगळ्या गोष्टींची. सरावाच्या वेळेत मधली लेन आपल्या बापाची समजून लोकांच्या डोक्यावर सूर मारणारे काही जण असतात. त्यांना पंचांनी बिनदिक्कत बाहेर बसवावं. सांघिक करंडकासाठी आदल्या आठवड्यात बाहेरून जलद माणसं गोळा करायची आणि वर्षभर आपल्यासोबत पोहणाऱ्या आजोबांना रिलेतून वगळायचं, हे मला पटत नाही. आणि पाहुण्या खेळाडूच्या सत्कारात तासभर भाषणं, तोवर ७५ च्या गटातली मंडळी ओल्या अंगाने कुडकुडत उभी! यात त्या खेळाडूचा दोष नसतो, संयोजकांना अक्कल नसते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर प्रवेशअर्जावर खरं टायमिंग लिहा, हीट बहुतेक वेळा त्यावरच लागते आणि बरोबरीचे लोक मिळतात. जुने खेळाडू हल्ली ५० मीटरमध्ये गर्दी करतात, दमाचं काम त्यांनाही नको असतं. तुम्ही ४०० फ्रीस्टाइल किंवा २०० ब्रेस्टस्ट्रोक घ्या. समुद्राची भीती नसेल तर मालवणला चिवला बीचच्या स्पर्धेलाही जाऊन या. त्या रेल्वेवाल्यांना शर्यतीआधी गाठा आणि आपला टर्न, म्हणजे भिंतीपाशी वळायची पद्धत, बघायला सांगा, बहुतेक जण आनंदाने बघतात.

आणि दोन वर्षांत तुम्ही ४५ ते ४९ च्या गटात जालच. ते तुमच्याहून लहान असतील तर थोडे दिवस सुटका. मोठे असतील तर तुमच्या आधीच तिथे पोचलेले असतील, तेव्हा टर्न आत्ताच शिकून घ्या.